पतसंस्थेचे कॉम्प्युटर अपडेट करायचे की सॉफ्टवेअरवाल्याचं ऐकायचं?

खतावणी_विटा

नमस्कार मंडळी. मी विट्याजवळच्या एका छोट्या पतसंस्थेत लेखनिक आहे. शिक्षण बी.कॉम., पण ऑफिसात वयाने सगळ्यात लहान म्हणून कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे आलं.

सात मशीनं आहेत. दोन विंडोज ७, पाच विंडोज १०. सर्व्हर म्हणून वेगळं काही नाही. मॅनेजरसाहेबांच्या केबिनमधलं विंडोज ७ चं मशीन हाच सर्व्हर, सॉफ्टवेअरचा डोंगलही (मशीनला लावायची परवान्याची किल्ली) त्यालाच. सहा पिग्मी एजंट संध्याकाळी आपापलं हातातलं मशीन घेऊन येतात, केबलने काउंटरच्या कॉम्प्युटरला लावून दिवसभराची जमा उतरवतात, मग दिवसअखेर होते.

सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्या मशीनवरचे विंडोज अपडेट बंद केले. चालू केलं आणि काही बंद पडलं तर जबाबदारी आमची नाही, असं तोंडी सांगून गेले. ऑक्टोबरात मी धाडस करून एका काउंटरच्या मशीनवर अपडेट चालू केलं. रात्रभर चाललं. सकाळी पासबुक प्रिंटर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागायला लागला. नेमका आठवडी बाजाराचा दिवस, रांग पायरीपर्यंत. दुपारी सॉफ्टवेअरवाल्यांचा मुलगा आला, अपडेट काढून टाकलं, प्रिंटर सुरू झाला. चेअरमनसाहेब मला सगळ्यांसमोर म्हणाले, "चाललंय ते चालू दे. गेल्या वर्षी अशाच एका अपडेटनं जगातली विमानं थांबली, माहीत आहे ना?"

मला उत्तर देता आलं नाही. पण आमच्याकडे ठेवी ठेवणारी माणसं ऊसतोडीचे, टेलरिंगचे, दुधाचे पैसे ठेवतात. त्यांचा हिशेब ज्या मशीनवर आहे त्याला कित्येक वर्षं कुणी हात लावलेला नाही, हे मनातून जात नाही. पुढच्या महिन्यात संचालक मंडळाची सभा आहे, तिथे मला हे मांडायचंय. अपडेट न केल्याने खरंच काय होतं, कुणी भोगलंय का? आणि त्या प्रिंटरचं काय करू?

किराणा_कराड

माझ्या दुकानात विंडोज ७ दहा वर्षं चालू आहे, आजवर काही झालं नाही. चांगला अँटीव्हायरस टाका. एवढ्याशा संस्थेकडे कोण हॅकर येतोय? ते बँकांच्या मागे असतात.

वॉर्ड_ते_सर्व्हर, नाशिक

छोट्याकडे कोण येतंय, असं मीही म्हणायचे. खतावणीदादा, माझ्यावर गुदरलेलं लिहिते. सभेत वाचून दाखवायचं असेल तर खुशाल दाखवा.

मी आमच्या जिल्ह्यातल्या एका वीस खाटांच्या हॉस्पिटलचे कॉम्प्युटर बघायचे. नऊ मशीनं. २०१६ मध्ये विंडोज ७ वाल्यांच्या मागे "विंडोज १० घ्या" असा लकडा लागला होता, कोपऱ्यात सारखी खिडकी उघडायची. एका सकाळी लॅबचं मशीन आपोआप विंडोज १० होऊन बसलेलं. रक्त तपासायच्या यंत्राचं आणि त्याचं जमेना. दिवसभराचे रिपोर्ट हाताने लिहून दिले. त्याच दुपारी मी एकेका मशीनपुढे बसून अपडेट बंद केले. हॉस्पिटलच्या भल्याचंच करतेय अशी माझी खात्री होती.

पुढच्या वर्षी, १४ मार्च २०१७ ला, मायक्रोसॉफ्टने एमएस१७-०१० हा पॅच, म्हणजे भोक बुजवणारं अपडेट, काढला. नेटवर्कवर फाइली आणि प्रिंटर एकमेकांत वापरायची विंडोजमध्ये जी सोय आहे, एसएमबी, तिच्या जुन्या आवृत्तीत भोक होतं. बाहेरून मुद्दाम बिघडवलेला निरोप पाठवला की समोरच्या मशीनचा ताबा मिळायचा. कुणी काही क्लिक करायला नको, पासवर्ड नको, ईमेल उघडायला नको. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेला हे आधीपासून ठाऊक होतं आणि त्यांनी त्यावर इटर्नलब्लू नावाचं हत्यार करून ठेवलं होतं. १४ एप्रिलला शॅडो ब्रोकर्स म्हणवणाऱ्या टोळीने ते इंटरनेटवर उघड्यावर टाकलं. आणि १२ मे रोजी वॉनाक्राय आला, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. पॅच निघाल्यापासून ५९ दिवस. तेवढ्या दिवसांत आमच्याकडे तो पॅच येऊच शकत नव्हता, कारण दार मी लावून घेतलं होतं.

शुक्रवार होता, संध्याकाळची ओपीडी भरलेली. साडेसहाच्या सुमारास रिसेप्शनच्या मुलीने हाक मारली, "ताई, हे लाल काय आलंय?" लाल खिडकी, डाव्या कोपऱ्यात कुलूप, खाली दोन घड्याळं उलटी चाललेली. तीनशे डॉलरचे बिटकॉइन भरा, तीन दिवसांनी रक्कम दुप्पट, सात दिवसांनी फाइली कायमच्या गेल्या. वर भाषा निवडायची यादी होती, अठ्ठावीस भाषांची. मी ती खालपर्यंत सरकवत हिंदी-मराठी शोधत राहिले, हे अजून आठवतं. नव्हत्या.

भानावर येऊन, सगळी मशीनं एकमेकांना जोडणाऱ्या स्विचच्या केबली ओढेपर्यंत लॅब, औषधाचं काउंटर, वॉर्ड, सगळीकडे तेच. एक्स-रेचं मशीन विंडोज एक्सपी या जुन्या आवृत्तीवर होतं, ते निळा पडदा दाखवून पुन्हा पुन्हा चालू होत राहिलं. डॉक्टरांना घरून रिपोर्ट बघता यावेत म्हणून राउटरमधून एक मशीन मी बाहेरून दिसेल असं ठेवलं होतं. तिथून तो आत शिरला आणि आतल्या आत पसरला. किराणादादा, "कोण येतंय" याचं उत्तर हे आहे. कुणी माणूस आमचं नाव शोधत आलाच नव्हता. इंटरनेटवरचे पत्ते एकामागून एक ठोठावत जाणारा तो प्रोग्राम, जे दार उघडं दिसेल त्यात शिरणारा. दीडशेच्या आसपास देशांत तो असाच गेला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतली हॉस्पिटलं बंद पडली आणि आमचंही.

त्याच रात्री साडेआठच्या सुमारास इंग्लंडमधल्या मार्कस हचिन्स या बावीस वर्षांच्या मुलाने तो थांबवला. कुणाच्याही नावावर नसलेल्या एका वेबपत्त्याची चौकशी हा व्हायरस आधी करतो, हे त्याच्या नजरेत आलं. त्याने तो पत्ता दहा-अकरा डॉलरला स्वतःच्या नावावर घेतला आणि फैलाव ओसरला. आमचं दोन तास आधी झालं होतं.

आता सभेत न चुकता सांगाच अशी गोष्ट. अकाउंटंटच्या टेबलावरचं मशीनही विंडोज ७ च होतं. तोच स्विच, रिसेप्शनच्या शेजारचंच पोर्ट. त्याला काही म्हणजे काही झालं नाही. २०१६ मध्ये मी अपडेट बंद करत फिरले त्या दुपारी अकाउंटंट रजेवर होते, खोलीला कुलूप होतं, ते एक मशीन राहून गेलं होतं. नंतर उघडून पाहिलं तर मार्चचा पॅच त्यात बसलेला. एका छताखाली, एका वायरीवर, सारखीच मशीनं. फरक तेवढ्या पॅचचा.

बॅकअप रोज घेत होतो. पण बाहेरची हार्ड डिस्क रिसेप्शनच्या मशीनला कायमची लावलेली असायची, तीही कुलूपबंद झाली. कपाटात जानेवारीची एक डीव्हीडी सापडली, तेवढंच परत आलं. पैसे भरले नाहीत. चार महिन्यांचं काम रिसेप्शनच्या दोन मुलींनी लॅबच्या स्थळप्रती समोर ठेवून पुन्हा टाइप केलं, जे सापडलं तेवढं.

पुढच्या बुधवारी दिंडोरीकडचे एक आजोबा आले, किडनीचे पेशंट. डॉक्टरांनी मला विचारलं, मागचं क्रिएटिनिन किती होतं? माझ्याकडे रिकामी स्क्रीन. आजोबांनी साडीच्या दुकानाची पिशवी उघडली, चार घड्या घातलेले रिपोर्ट एकेक करून टेबलावर पसरले, तळव्याने सपाट केले. डॉक्टरांनी तारखा लावून वाचले. १.९, २.३, २.८. आम्ही त्यांच्या कागदांची झेरॉक्स काढून आमच्या फाइलला लावली. जे सांभाळणं आमचं काम होतं, ते त्यांनी पिशवीत सांभाळलं होतं. तुमच्या ठेवीदारांकडे निदान पासबुक असेल, पण शेवटची नोंद कधी मारलेली आहे ते बघा एकदा.

मंडळाला एक गोष्ट उमगायला हवी. पॅच निघतो त्या दिवशी भोक कुठे होतं हे चोरांनाही समजतं. जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून काय बदललं ते काढणं हा त्यांचा धंदाच आहे. म्हणून पॅच आल्यावर वाट बघणारा माणूस आधीपेक्षा जास्त धोक्यात असतो. संचालकांना जवळचं उदाहरण हवं असेल तर इक्विफॅक्सचं द्या. अमेरिकेत लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणारी, आपल्याकडच्या सिबिलसारखी कंपनी. त्यांच्या एका वेबसाइटखाली अपाची स्ट्रट्स नावाचं सॉफ्टवेअर होतं. त्याचा पॅच ७ मार्च २०१७ ला आला. तो तिथे लागला नाही. चोर मे महिन्यात शिरले आणि जुलै संपेपर्यंत आत होते. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली.

मी आता कशी करते ते सांगते. मायक्रोसॉफ्टचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडे तेव्हा रात्र असते, म्हणजे बुधवारी सकाळी हातात. बुधवारी एकाच मशीनवर टाकायचे, ज्याच्यावाचून दोन दिवस अडणार नाही अशा. तुमच्याकडे त्या मशीनवर पासबुक छापून बघा, पावती काढा, एका एजंटची जमा उतरवा. शनिवारी दिवसअखेर झाली, बॅकअप घेऊन डिस्क काढून तिजोरीत ठेवली, की मग बाकीच्या मशीनवर. सोमवारी काउंटर उघडायच्या आत एकदा सगळं तपासायचं. आणि मधल्याच एखाद्या दिवशी तातडीचा पॅच आला तर तो दुसऱ्या मंगळवारसाठी थांबवायचा नाही, कारण तसा पॅच काढतात तेव्हा भोकाचा वापर बहुतेकदा सुरू झालेला असतो.

अँटीव्हायरस असू द्या. पण तो पाहुणा आत आल्यावर ओळखतो, भिंतीतलं भगदाड बुजवत नाही.

सोलापूरचा_डेव्हलपर

ताईंनी लिहिलेल्यात मी काय भर घालणार. पण सॉफ्टवेअरवाल्यांची बाजू मला ठाऊक आहे, मी पंधरा वर्षं सहकारी संस्थांसाठी हेच काम करतोय.

"अपडेट करू नका" असं सांगणाऱ्याला दर महिन्याच्या पॅचनंतर आपलं सॉफ्टवेअर तपासायला माणूस परवडत नाही, खरं कारण एवढंच. अनेकांचा कोड अजून व्हीबी ६ किंवा फॉक्सप्रो अशा जुन्या भाषांतला, डोंगलचा ड्रायव्हर (विंडोजशी त्याचा मेळ घालणारा प्रोग्राम) तेवढाच जुना. भीती खोटी नाही, पण तिचा भार गिऱ्हाईकावर टाकणं चूक आहे. मी स्वतः पूर्वी ते केलंय आणि आता करत नाही. तुम्ही त्यांना संस्थेच्या लेटरहेडवर एकच प्रश्न विचारा: विंडोजच्या कोणत्या आवृत्तीवर तुमचं सॉफ्टवेअर चालेल याची तुम्ही हमी देता? वार्षिक देखभालीचे पैसे घेत असतील तर उत्तर द्यावंच लागेल. तोंडी सांगणारे लेखी विचारलं की बरेचदा नवीन ड्रायव्हर पाठवतात.

प्रिंटरचं कोडं सोपं आहे. २०२१ च्या जुलैत विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये, म्हणजे छपाईची कामं सांभाळणाऱ्या भागात, मोठं भोक उघडकीला आलं, प्रिंटनाइटमेअर म्हणतात त्याला. ते इतकं वाईट होतं की मायक्रोसॉफ्टने दुसऱ्या मंगळवारची वाट न बघता ६ जुलैला पॅच काढला, विंडोज ७ साठीसुद्धा. मग ऑगस्टच्या पॅचपासून नियम बदलला: नेटवर्कवरच्या प्रिंटरचा ड्रायव्हर बसवायचा किंवा बदलायचा तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच हवा. तुमच्या मशीनने चार वर्षांचे अपडेट एका रात्रीत घेतले, त्यात हा नियमही आला, म्हणून सकाळी पासवर्ड मागितला. प्रिंटर बिघडला नव्हता. अ‍ॅडमिन लॉगिनने त्या मशीनवर पासबुक प्रिंटरचा ड्रायव्हर एकदा हाताने बसवा, पुन्हा विचारणार नाही. काही जण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये, बदल करून तो नियमच बंद करून देतात. तसं कुणालाही करू देऊ नका, भोक पुन्हा उघडतं.

चेअरमनसाहेबांचं विमानांबद्दलचं म्हणणं: ते जुलै २०२४ चं क्राउडस्ट्राइकचं प्रकरण. विंडोजचा पॅच नव्हता तो. एका सुरक्षा सॉफ्टवेअरची सदोष फाइल जगभर एकाच वेळी पाठवली गेली आणि सुमारे ८५ लाख मशीनं निळी पडली. सगळीकडे एकदम टाकलं म्हणून ते एवढं पसरलं. ताई सांगतात तसं आधी एका मशीनवर टाकून बघणं, हाच त्यावरचा उपाय आहे.

विंडोज ७ ला २०२० च्या जानेवारीपासून मोफत पॅच नाहीत. तुमचा सर्व्हर त्यावर आहे, म्हणून आधी तो बदला, काउंटर नंतर. विंडोज १० चे मोफत अपडेटही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. मशीन विंडोज ११ घेत असेल तर फुकट चढतं. नसेल तर संस्थांसाठी पैसे भरून वाढीव पॅच मिळतात, पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, मग दर वर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. तो आकडा सभेत ठेवा, नवीन मशीन घ्यायचा निर्णय लवकर होईल.

रेतीबंदर_उरण

पॅचचा आग्रह धराच, पण त्यावर सगळं सोपवू नका. वॉनाक्रायनंतर दीडच महिन्याने, २७ जून २०१७ ला, नॉटपेट्या हा व्हायरस आला. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो शिरला. इटर्नलब्लू तो वापरायचाच, शिवाय एका मशीनच्या मेमरीतून अ‍ॅडमिनचे पासवर्ड उचलून त्यांच्या जोरावर पॅच केलेल्या मशीनवरही जायचा. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि आमच्या न्हावा-शेव्यातलं त्यांच्या समूहाचं टर्मिनल थंडावलं. त्यांना जगभरात ४५ हजार कॉम्प्युटर आणि ४ हजार सर्व्हर पुन्हा उभे करावे लागले. लॉगिनचा सगळा डेटा पुसला गेला होता. घानामधल्या ऑफिसची वीज गेल्यामुळे तिथला एक सर्व्हर बंद होता, म्हणून त्यातली प्रत वाचली.

त्यामुळे खतावणी, दोन कामं आणखी करा. काउंटरवर रोजचं काम अ‍ॅडमिन लॉगिनने करू देऊ नका, आणि सातही मशीनला एकच पासवर्ड ठेवू नका. बॅकअपची डिस्क काढून ठेवायला ताईंनी सांगितलंच आहे.

खतावणी_विटा

ताई, दादा, मनापासून आभार. आधी लिहिलं नाही कारण करून बघूनच लिहायचं होतं.

मॅनेजरसाहेबांच्या सहीने सॉफ्टवेअरवाल्यांना पत्र दिलं. आठ दिवसांनी उत्तर आलं, विंडोज ११ वर चालतं, डोंगलचा नवा ड्रायव्हर सोबत जोडलाय. दोन हार्ड डिस्क घेतल्या. एक दिवसाआड आलटून पालटून लावतो, दुसरी तिजोरीत. शिपाईमामा रोज संध्याकाळी स्वतःहून विचारतात, "डिस्क काढली का?"

सभेत ताईंची हकीकत वाचली. अकाउंटंटच्या मशीनपाशी आलो तेव्हा चेअरमनसाहेबांनी थांबवलं आणि ते वाक्य परत वाचायला लावलं. सर्व्हरसाठी नवीन मशीन मंजूर झालं, दुसरं विंडोज ७ मार्चपर्यंत. तोवर त्याची नेटवर्कची केबल काढली आहे, त्यावर फक्त पत्रं टाइप होतात. काउंटरच्या पाचपैकी तीन विंडोज ११ घेतील असं दिसतंय, दोन घेणार नाहीत.

पहिलं काउंटर चढवलं. ड्रायव्हर हाताने बसवला, पासबुक छापलं, पावती निघाली. पण पिग्मीचं मशीन लावलं की विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या उपकरणांच्या यादीत) केबलच्या नावापुढे पिवळा त्रिकोण येतो. केबल यूएसबी ते सिरीयल आहे, निळी, अर्धपारदर्शक, दहा वर्षांची. विंडोज १० वर चालत होती. हे सुटल्याशिवाय शनिवारी पुढचं मशीन घेत नाही.

सोलापूरचा_डेव्हलपर

थांबलात ते बरं केलंत. त्या पिवळ्या त्रिकोणापुढे "२०१२ पासून बंद" अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य दिसतंय का बघा. दिसत असेल तर आत प्रॉलिफिक कंपनीची पीएल२३०३ ची जुनी चिप आहे. विंडोज ११ वरचा त्यांचा ड्रायव्हर ती चिप चालवत नाही. इंटरनेटवर जुना ड्रायव्हर जबरदस्तीने बसवायच्या युक्त्या मिळतील, त्यांच्या मागे लागू नका. एफटीडीआय या दुसऱ्या कंपनीच्या चिपची नवीन केबल घ्या. आधी एकच आणा, एका एजंटची जमा उतरवून बघा, मग बाकीच्या.

खतावणी_विटा

हो, अगदी तेच वाक्य आहे. उद्या सांगलीला जातोय, घेऊन येतो.